आंघोळ जमत नाही, गेम मात्र जमतो

घरात नैराश्याचा, म्हणजे डिप्रेशनचा पेशंट असला की एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा दोन-दोन दिवस आंघोळीला उठत नाही, जेवायला हाक मारली तर "नंतर" म्हणतो, मित्राच्या मेसेजला उत्तर द्यायचं त्राण त्याच्यात नसतं. रात्री अडीचपर्यंत मोबाइलवर गेम मात्र चालू असतो. डॉक्टरांसमोर आई खालच्या आवाजात विचारते, "गेम खेळायला बरी ताकद येते हो त्याला?" मुलगा शेजारीच बसलेला असतो, आणि खरं सांगायचं तर तोही स्वतःला हेच विचारत असतो: आपण आजारी आहोत, की नुसतेच आळशी?

मी बरीच वर्षं या आजाराची गोळी घेतो आणि त्याहून जास्त वर्षं गेम खेळतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही पुष्कळदा ऐकावा लागला आहे. त्याला उत्तर आहे, आणि त्याचा माणसाच्या स्वभावाशी किंवा संस्कारांशी संबंध नाही. एखादं काम करायचं की नाही हे ठरवताना मेंदू दोन गोष्टी तोलतो: कष्ट किती आणि त्यातून मिळणार काय. नैराश्यात हे तोलणंच बिघडतं. आंघोळ त्या बिघाडात सापडते. गेम अशा पद्धतीने बनवलेला असतो की तो बराचसा निसटतो.

करंगळीने शंभर वेळा

मायकेल ट्रेडवे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक चाचणी तयार केली. संगणकासमोर बसायचं आणि दर वेळी दोन कामांपैकी एक निवडायचं. सोपं काम असं: ज्या हाताने लिहिता त्या हाताच्या तर्जनीने ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबा, एक डॉलर मिळेल. अवघड काम असं: दुसऱ्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा बटण दाबा, सव्वा डॉलरपासून चार डॉलरच्या वरपर्यंत रक्कम मिळू शकेल. काम पुरं केलं तरी पैसे मिळतीलच असं नाही. मिळण्याची शक्यता कधी १२ टक्के, कधी ५० टक्के, कधी ८८ टक्के, आणि ती आधीच पडद्यावर दिसते. वाचता वाचता डाव्या करंगळीने टेबलावर टकटक करून पाहा. शंभर हा आकडा किती लांब आहे ते लगेच कळेल.

२०१२ मध्ये हीच चाचणी नैराश्याच्या रुग्णांना दिली गेली. अवघड काम त्यांनी इतरांपेक्षा कमी वेळा निवडलं. हे अपेक्षितच होतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. बक्षीस मोठं आहे, मिळण्याची शक्यताही चांगली आहे, हे पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं असूनही त्या माहितीप्रमाणे निवड बदलणं रुग्णांना कमी जमत होतं. चार डॉलर आणि दीड डॉलर यांतला फरक त्यांना वाचता येत होता, पण तो हाताला हलवत नव्हता.

आता आंघोळ घ्या. अंथरुणातून उठायचं, गिझर लावायचा, टॉवेल शोधायचा, धुतलेले कपडे आहेत का ते बघायचं, पाणी तापेपर्यंत थांबायचं, मग ओल्या फरशीवर उभं राहायचं. निरोगी माणसाच्या डोक्यात हे एकच काम असतं. नैराश्यातल्या माणसाला ती सहा वेगवेगळी कामं दिसतात आणि प्रत्येकाचं ओझं वेगळं जाणवतं. मोबदला काय, तर जरा ताजंतवानं वाटेल. तेही वाटेलच असं नाही. "आंघोळ कर, बरं वाटेल" हा सल्ला म्हणूनच वाया जातो. ऐकणाऱ्याला त्यातलं 'बरं वाटेल' हे शब्द म्हणून कळतं, आतून पटत नाही.

गेम तोच हिशोब कसा बदलतो

मोबाइल हातात असतोच. आडवं पडल्या पडल्या एक बोट लावलं की गेम सुरू. पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी चमकतं, आवाज येतो, आकडा वाढतो. काय करायचं ते स्पष्ट असतं: हे दार उघड, ते तीन रंग जुळव, त्या डोंगरावर जा. केलं की लगेच कळतं, झालं. चुकलं तर पुन्हा कर, कुणी काही म्हणत नाही. खऱ्या आयुष्यात असं एकही ऑफिस नाही.

अवघडपणाही माणूस बघून बेतलेला असतो. २००५ साली आलेल्या 'रेसिडेंट इव्हिल ४' मध्ये खेळणारा वारंवार मरू लागला की गेम त्याला न सांगता सोपा होतो आणि चांगला खेळू लागला की हळूच अवघड. 'सेलेस्ट' हा २०१८ चा गेम तर चिंता आणि नैराश्य असलेल्या एका मुलीने डोंगर चढण्याबद्दलच आहे. तो भलताच अवघड आहे, पण त्यात वेग कमी करण्याची, न मरण्याची सोय उघडपणे दिलेली आहे आणि ती वापरल्याबद्दल हिणवलं जात नाही.

आता थोडं यंत्रांबद्दल, कारण माझी मतं इथे जरा हट्टी आहेत. गेमिंगच्या यंत्रांची चर्चा नेहमी चित्राच्या स्पष्टतेवर आणि वेगावर होते. नैराश्यात हे दोन्ही दुय्यम असतात. तुमच्या आणि खेळाच्या मध्ये किती पायऱ्या आहेत हे महत्त्वाचं. बरेच दिवस बंद असलेला मोठा कन्सोल सुरू केला की तो आधी अपडेट मागतो, मग कंट्रोलर चार्ज नसतो, मग पासवर्ड. तेवढ्यात खेळण्याची इच्छा मेलेली असते. २०१७ चा निन्टेन्डो स्विच किंवा २०२२ चा स्टीम डेक ही हातात धरायची यंत्रं बटण दाबताच, जिथे सोडलं तिथूनच खेळ पुढे सुरू करतात. एक्सबॉक्सने २०२० मध्ये अशीच सोय मोठ्या कन्सोलवर आणली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत गेमिंगमध्ये आलेली सगळ्यात माणुसकीची गोष्ट ही आहे, आणि जाहिरातीत ती कुठेतरी खाली बारीक अक्षरांत असते.

हवंसं वाटणं वेगळं, आवडणं वेगळं

१९९८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आठ पुरुषांना रणगाडा चालवून झेंडे गोळा करण्याचा एक साधा गेम दिला गेला आणि खेळताना त्यांच्या मेंदूचा पेट स्कॅन काढला गेला. खेळताना मेंदूच्या आतल्या भागात, ज्याला स्ट्रायाटम म्हणतात तिथे, डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटत होतं. जो जितका चांगला खेळला त्याच्यात ते तितकं जास्त. तेव्हापासून 'गेम म्हणजे डोपामिन, डोपामिन म्हणजे आनंद' हे समीकरण वर्तमानपत्रांत आणि रील्समध्ये जे बसलं ते अजून उठलेलं नाही. त्याचा दुसरा भाग चुकीचा आहे.

केंट बेरिज या शास्त्रज्ञाने उंदरांवर केलेलं काम इथे बघण्यासारखं आहे. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं, ते समोर अन्न असूनही तोंड हलवत नव्हते. नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण त्याच उंदरांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, तर ते ओठ चाटत होते, अगदी निरोगी उंदरांसारखे. गोड त्यांना आवडत होतं. गोडाकडे जाण्याची ओढ तेवढी उरली नव्हती. डोपामिनचा संबंध मुख्यतः या ओढीशी आहे. मजा वाटणं हा मेंदूतला वेगळा कारभार.

नैराश्यात दोन्ही बिघडू शकतात, आणि ते वेगवेगळ्या प्रमाणात बिघडतात. काहींना कशाची ओढच वाटत नाही, पण मित्राने ओढून नेलं तर हसू येतं. काहींचं उलट होतं. हात सवयीने गेमकडे जातो, तास निघून जातात आणि मजा म्हणावी तशी एक क्षणही येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय रंगलाय! आत तो फक्त थांबू शकत नसतो. 'खेळतोय म्हणजे खूश असेल' हे गृहीत धरणं म्हणूनच धोक्याचं.

डोक्यातली जागा अडवणं

गेमचा आणखी एक उपयोग आहे, तो आनंदाशी जोडलेला नाहीच. नैराश्यात एकच विचार डोक्यात गोल फिरत राहतो: तेव्हा तसं बोलायला नको होतं, माझ्यामुळेच झालं, आता काही होणार नाही. कष्टाचं काम करता येत नाही आणि रिकामं बसलं तर हे चक्र जोरात फिरतं. एका वेळी मन जेवढं धरून ठेवू शकतं ती जागा फार मोठी नसते. आकार आणि जागा यांचा विचार करायला लावणारा गेम ती बऱ्यापैकी भरून टाकतो.

हे 'टेट्रिस'वर तपासलं गेलंय. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने बनवलेला हा खेळ आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणाऱ्या 'ब्रिक गेम'च्या राखाडी डब्यातून पोचला. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलच्या अपघात विभागात वाहन अपघातातून आलेल्या ७१ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना अपघातानंतर सहा तासांच्या आत आधी त्या प्रसंगाची आठवण करायला सांगून मग सुमारे २० मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण त्यांच्यात दुसऱ्या गटापेक्षा बरंच कमी होतं. हा प्रयोग धक्कादायक प्रसंगाच्या ताज्या आठवणींबद्दल आहे, नैराश्याच्या उपचाराबद्दल नाही. तरीही आकृत्यांचा खेळ मनातली चित्रं अडवू शकतो एवढं त्यातून दिसतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, जेव्हा माझं डोकं सर्वांत वाईट असतं, तेव्हा मी रंग जुळवायचा एखादा बिनडोक गेम काढतो तो याचसाठी. त्या तासाकडून मला मजेची अपेक्षा नसते, तो नुसता पार पडला तरी पुरे.

चौकट: डॉक्टरांकडे कधी जायचं?
दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, यांपैकी एक तरी गोष्ट जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असेल, सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, हालचालींचा वेग, स्वतःला दोष देणं यांत बदल झाले असतील आणि त्यामुळे रोजची कामं अडत असतील, तर वाट बघू नका. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना गाठा. थायरॉइड, रक्ताची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणं दिसू शकतात, त्यामुळे तपासणी हवीच. गोळी सुरू केल्यावर परिणाम जाणवायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मधेच स्वतःच्या मनाने बंद करू नका.

संपणारे खेळ आणि न संपणारे

सगळे गेम एका मापाने मोजण्याची सवय सोडायला हवी. मी ते दोन ढिगांत टाकतो. एका ढिगात गोष्ट असलेले, कोडी असलेले, कुठेतरी संपणारे गेम. दुसऱ्यात संपूच नयेत म्हणून बनवलेले: रोज हजेरी लावली तर बक्षीस, सातव्या दिवशी मोठं बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, आत काय आहे ते न सांगता विकलेली पेटी, "फक्त आज रात्री १२ पर्यंत".

साखळी तुटण्याचा त्रास एवढा का होतो, हे वोल्फ्रॅम शुल्त्स यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून समजतं. माकडाला अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, की पेशी दिव्यालाच पेटत आणि रसाला गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचा वेग नेहमीपेक्षाही खाली जाई. मिळेल असं धरलेलं न मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा खाली ढकलतं. मोबाइलवरची नोटिफिकेशन हा तो दिवा. आधीच तळाशी असलेल्या माणसाला रोज असा एक दिवा लावून देणं मला क्रूर वाटतं.

म्हणूनच सवयी लावणाऱ्या ॲप्सबद्दलही मी साशंक आहे. 'हॅबिटिका' नावाचं एक ॲप रोजच्या कामांचा गेम करतं. कल्पना छान आहे, पण ठरलेलं काम चुकलं तर तुमच्या पात्राचं आरोग्य घटतं. बऱ्या दिवसांत याने मदत होत असेल. वाईट आठवड्यात, जेव्हा दातच घासले गेलेले नाहीत, तेव्हा आणखी एक जण तुमच्यामुळे मरतोय हे बघायची गरज नसते. (त्यात विश्रांतीला थांबायची सोय आहे, पण ती चालू करायचीही शुद्ध असावी लागते.)

किती तास खेळलं, यावर घरोघरी भांडणं होतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात गेमच्या जवळपास ३९ हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी खेळाडूंना 'किती तास खेळलात' हे विचारलंच नाही, ती नोंद थेट कंपन्यांकडून घेतली. खेळण्याच्या वेळेमुळे मनःस्थिती बदलल्याचा पुरावा त्यांना जवळजवळ मिळाला नाही. फरक दिसला तो कारणात: आवडतंय म्हणून खेळणाऱ्यांचं बरं चाललं होतं, खेळावंच लागतंय असं वाटणाऱ्यांचं तितकं नाही.

व्यसन होतच नाही असा याचा अर्थ काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकार आहे. त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढत जाणं, हे साधारण वर्षभर चाललेलं असलं तर तो विकार. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

झोपेबद्दल मात्र मी कुणाशी वाद घालत नाही. रात्री दोनला डोळ्यांवर पडणारा उजेड आणि चढलेली नाडी शरीराचं घड्याळ पुढे ढकलते, सकाळ हातची जाते, आणि नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ आधीच वाईट असते. गेम कोणताही असो, अकरानंतर चार्जर दुसऱ्या खोलीत.

हापशात आधी पाणी ओतायचं

गावाकडचा जुना हापसा कोरडा पडला की नुसता दांडा मारून पाणी येत नाही. वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो ओढ धरतो. नैराश्यावरचा एक साधा उपचार याच तत्त्वावर चालतो. आधी उत्साह, मग काम, असा आपला समज असतो. पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात उलटं मांडलं: काम थांबलं की त्यातून मिळणारं समाधान थांबतं, समाधान थांबलं की आणखी कामं थांबतात. तेव्हा सुरुवात कामापासून करायची, मनःस्थिती मागून येते. काम मात्र इतकं लहान हवं की वाईट दिवशीही होईल, आणि ते कोणत्या वेळी करायचं हे आधी लिहून ठेवायचं. केल्यावर कसं वाटलं, तेही लिहायचं.

या पद्धतीची एक महत्त्वाची परीक्षा गोव्यात झाली. विक्रम पटेल आणि 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांना सहा ते आठ भेटींत हा उपचार दिला. देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या बाहेर आले होते; नेहमीच्याच, जरा सुधारलेल्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

गेम आणि उपचार यांची थेट गाठही घालून झाली आहे. न्यूझीलंडमध्ये 'स्पार्क्स' नावाचा सात टप्प्यांचा गेम १२ ते १९ वयाच्या मुलांसाठी बनवला गेला. त्यात निराश विचार चिलटांसारखे अंगावर येतात आणि त्यांना ओळखून पाडायचं असतं. २०१२ च्या चाचणीत तो समुपदेशकाच्या नेहमीच्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. पण अशा खास गेमची वाट बघायची गरज नाही. आंघोळ गेमसारखी तोडता येते. आज फक्त गिझर लावायचा, बाकी काही नाही. झालं तर वहीत टिंब. उद्या गिझर आणि टॉवेल. आंघोळ झाली नाही तरी टिंब पुसायचं नाही, साखळी मोजायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेक वेळा माणूस तापलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तरी आत जातो.

घरच्यांना एक विनंती. फोन हिसकावू नका, त्याने फक्त डोकं रिकामं होतं आणि विचारांचं चक्र सुरू होतं. शेजारी बसा आणि "कुठला गेम आहे, कसा खेळतात?" असं विचारा. उत्तरात जीव असेल तर अजून ओढ शिल्लक आहे. "माहीत नाही, असंच" असं उत्तर आठवडाभर येत राहिलं, तर ते डॉक्टरांना सांगा, त्यांना त्यातून पुष्कळ कळतं. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं हे सुचलं नाही, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे: १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.